एकच ‘ब्लास्टेड’, मुठी मात्र वेगळ्या

प्रश्न : माझा भाचा अमेरिकेत असतो. त्याला घडीच्या चाकूंचा भारी नाद. यंदा सुट्टीत आला तेव्हा त्याने दोन चाकू दाखवले. दोन्ही महागडे, दोन्हींची मूठ टायटॅनियमची आणि दोन्हींच्या माहितीपत्रकात मुठीचं फिनिश ‘ब्लास्टेड’ असंच छापलेलं. पण एक मूठ फिकट रुपेरी, हाताला मऊ लागणारी; दुसरी काळपट राखाडी आणि चांगलीच खरखरीत. मी भोसरीच्या कारखान्यात नोकरी केली आहे, शॉट ब्लास्टिंग जवळून पाहिलं आहे. तरी एकाच प्रक्रियेतून इतका फरक कसा पडतो? आणि यातली चांगली कोणती? (एक निवृत्त वाचक, चिंचवड)

उत्तर : शॉट ब्लास्टिंग पाहिलेल्या माणसाला यातलं अर्धं उत्तर आधीच ठाऊक असतं. कास्टिंगला चिकटलेली वाळू काढायला तुमच्याकडे पोलादी छर्रे मारत असतील. चाकूच्या मुठीवर मारतात ते काचेचे मणी, नाहीतर ॲल्युमिनियम ऑक्साइडचे दाणे. दाबाखालच्या हवेने कण नेऊन पृष्ठभागावर आपटवायचे, एवढाच या प्रक्रियेचा गाभा. फिलाडेल्फियाच्या बेंजामिन टिल्घमन यांनी १८७० साली वाळूच्या झोताचं पेटंट घेतलं, तेव्हापासून तो बदललेला नाही. मात्र कण कुठला, केवढा आणि किती दाबाने मारला, यांपैकी काहीच ‘ब्लास्टेड’ या शब्दातून कळत नाही. भाच्याच्या दोन चाकूंमधला फरक नेमका तिथे दडला आहे.

काचेचा मणी गोल असतो. तो टायटॅनियमवर आदळला की धातू खरवडून निघत नाही, दाबला जातो. उथळ, वाटोळा खळगा पडतो आणि त्यावर दुसरा, तिसरा, असे हजारो. ॲल्युमिनियम ऑक्साइडचा दाणा कोनदार असतो. मोह्सच्या कठीणपणाच्या मोजपट्टीवर तो ९ वर आहे, म्हणजे हिऱ्याच्या खालोखाल. तो आदळतो तेव्हा धातू कापतो, अणकुचीदार कडांचे खोल खळगे मागे सोडतो. घड्याळजी डोळ्याला लावतात ते दहापट भिंग घेऊन दोन्ही मुठी खिडकीजवळ तिरप्या उजेडात धरून पाहा. एकीवर एकमेकांत मिसळलेले गोलसर ठसे दिसतील. दुसरीवर गोल काहीच सापडणार नाही, सगळीकडे तुटक कडा आणि त्यांवर चमकणारे बारीक ठिपके.

रंगातला फरकही यातूनच येतो, धातू तर दोन्हीकडे बहुधा एकच असतो. उथळ खळग्यांवर पडलेला उजेड विखुरतो, पण बहुतेक सगळा परत बाहेर येतो, म्हणून ती मूठ फिकट आणि किंचित तुकतुकीत दिसते. खोल खळग्यांत शिरलेला उजेड भिंतींवर आपटत आपटत कमी होत जातो, म्हणून दुसरी काळपट. नखाने ओढून पाहिलं तर फरक कानालाही कळतो. काचेच्या मण्यांच्या मुठीवरून नख जवळजवळ मुकाट सरकतं, दुसरीवर खर्रकन वाजतं.

मग कणाचा आकार आणि दाब. काचेचे मणी ४५ ते ९० मायक्रॉनचे घेतले तर फिनिश अगदी बारीक येतं, ९० ते १५० मायक्रॉनचे घेतले की जाड. दाब वाढवला, नोझल जवळ आणलं, झोत सरळ काटकोनात धरला, की खळगे खोल. आणखी एक गोष्ट आहे, ती माहितीपत्रकात कधीच येत नाही. काचेचे मणी वापरता वापरता फुटतात. फुटलेला मणी गोल राहत नाही, त्याला धार येते आणि तो कापू लागतो. ब्लास्टिंगच्या केबिनमधले मणी वेळेवर बदलले नाहीत तर सकाळचा माल आणि आठवड्यानंतरचा माल वेगळा दिसतो. एखाद्या कारागिराची मूठ वर्षानुवर्षं सारखी दिसत असेल तर मण्यांची चाळणी आणि बदली तो नेमाने करतो, असं खुशाल समजावं. माझ्या लेखी महागड्या चाकूच्या किमतीचा एक भाग या शिस्तीचा आहे.

मुळात ब्लास्टिंग करतातच कशाला? चाकूंच्या मुठीत बहुतेक वेळा ‘ग्रेड ५’ टायटॅनियम असतं, म्हणजे ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम मिसळलेलं. ते पोलादाच्या जवळजवळ निम्म्या वजनाचं, गंजत नाही आणि उष्णता फार हळू वाहून नेतं, त्यामुळे थंडीतही हाताला चटकन गार लागत नाही. कठीणपणात मात्र ते चाकूच्या पात्याच्या बरंच खाली येतं. रॉकवेल सी मापात पातं ६० च्या आसपास, तर हे ३६ च्या आसपास. मशिनवर घासल्याच्या रेषा त्यावर ठळक उमटतात आणि पॉलिश केलं तर पहिल्याच दिवशी चरे दिसू लागतात. ब्लास्टिंगने मशिनच्या रेषा पुसल्या जातात, डोळ्यांवर येणारी चमक जाते आणि ओल्या हातालाही पकड मिळते.

या घराण्यात ज्याचं नाव पहिलं निघतं तो ‘सेबेन्झा’. दक्षिण आफ्रिकेतून १९८९ मध्ये अमेरिकेला गेलेले ख्रिस रीव्ह यांनी आयडाहो राज्यातल्या बॉइझी इथे तो बनवायला सुरुवात केली. सेबेन्झा म्हणजे झुलू भाषेत काम. पातं उघडल्यावर ते जागेवर धरून ठेवणारं कुलूप त्यांनी मुठीच्याच धातूत कापून काढलं. आज जगभर जे ‘फ्रेम लॉक’ म्हणून ओळखलं जातं त्याची सुरुवात ही. मूठच यंत्राचा भाग झाली आणि मग मुठीच्या पृष्ठभागाकडे लोक इतक्या बारकाईने पाहू लागले. सेबेन्झाची साधी मूठ ब्लास्ट केलेली असते. नक्षी नाही, रंग नाही, तरी किंमत शेकडो डॉलरच्या घरात. अशा मुठीवर नजर ठरण्यासारखी जागा एकच, ती म्हणजे फिनिश.

आपल्या ओळखीपाळखीत कुणी दाताचं इम्प्लांट बसवलं असेल तर ब्लास्ट केलेलं टायटॅनियम त्यांच्या जबड्यातही असू शकतं. इम्प्लांटच्या एका रूढ पद्धतीत जाड दाण्यांनी ब्लास्ट करून वर आम्लाने कोरतात, कारण खरखरीत टायटॅनियमला हाड जास्त घट्ट धरतं. तिथे खोल खळगा हवाच असतो. चाकूच्या मुठीत तो किती असावा हा आवडीचा प्रश्न, त्याचं उत्तर शेवटच्या प्रश्नात देतो.

प्रश्न : नवीन ब्लास्टेड मुठीवर पहिल्याच आठवड्यात चकाकत्या रेघा उठल्या. खिशात फक्त किल्ल्या होत्या. धातू निकृष्ट आहे का? (वाचक, डोंबिवली)

उत्तर : धातूची काही चूक नाही. ज्याला चरा समजताय तो बहुतेक वेळा खोल गेलेला नसतोच. किल्लीने फक्त खळग्यांमधल्या उंच कडा चेपल्या, तेवढी पट्टी सपाट झाली आणि सपाट भाग आरशासारखा उजेड परतवतो. बाकी मूठ उजेड विखुरते आणि मधली एकच रेघ तो सरळ डोळ्यात टाकते, म्हणून ती इतकी उठून दिसते. हौशी मंडळींत याला ‘गोगलगाईचा माग’ म्हणायची पद्धत आहे.

टाकी लावलेल्या पाट्याचं जे होतं तेच हे. नवी टाकी लावली की पाटा खरखरीत असतो, वाटून वाटून गुळगुळीत होतो. फरक इतकाच की पाट्यावर वरवंटा सगळीकडे सारखा फिरतो, तर किल्ली एकाच ठिकाणी घासते. म्हणून ब्लास्टेड मूठ वापरातली असेल तर सुरुवातीचे महिने ती सर्वांत वाईट दिसते. पुढे हात, खिसा, कापड सगळीकडून घासत राहतात, कडा सर्वत्र बसतात आणि मूठ एकसारखी मऊ, किंचित चमकदार होते. पहिल्या रेघेला घाबरून चाकू कपाटात ठेवणाऱ्यांना हा टप्पा कधी दिसत नाही, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

दुसरी तक्रार नेहमी येते ती डागांची. नव्या ब्लास्टेड मुठीवर बोटांचे काळपट ठसे उमटतात. त्वचेचं तेल खळग्यांत भरतं आणि तेवढ्या भागात उजेड विखुरणं कमी होतं. साबणाचं कोमट पाणी आणि जुना टूथब्रश, किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा, यापलीकडे काही लागत नाही. पितळ घासायची पावडर, स्टील वूल असलं काही वापरू नये. त्याने खळगे स्वच्छ होण्याऐवजी कडा घासल्या जातात.

प्रश्न : मूठ पुन्हा नवी करून मिळते का? आमच्या एमआयडीसीत ब्लास्टिंगची चार दुकानं आहेत. तिथे दिली तर चालेल? (वाचक, सातारा)

उत्तर : मिळते. ख्रिस रीव्ह यांच्या कंपनीसारखे काही उत्पादक स्वतःच मूठ पुन्हा ब्लास्ट करून देतात. पण एका मुठीसाठी चाकू समुद्रापार पाठवणं सगळ्यांना परवडत नाही, म्हणून तुमचा प्रश्न रास्त आहे. इथल्या दुकानात नक्की होतं, फक्त काही गोष्टी आधी बोलून घ्याव्या लागतात.

पहिली, केबिनमध्ये आधी काय मारलं आहे ते विचारा. त्याच मण्यांनी दिवसभर लोखंडी माल साफ केला असेल तर त्यांत लोखंडाची भुकटी मिसळलेली असते. ती टायटॅनियममध्ये रुतते आणि पावसाळ्यात मुठीवर तांबूस ठिपके दिसू लागतात. टायटॅनियम गंजत नाही, पण त्यात रुतलेलं लोखंड गंजतं. म्हणून ताजे काचेचे मणी भरायला सांगा, वेगळे पैसे पडले तरी. पोलादी छर्रे तर अजिबात नकोत.

दुसरी, चाकू पूर्ण सोडवूनच द्या. सेबेन्झासोबत तो उघडायची ॲलन की मिळते, पण सगळेच उत्पादक ग्राहकाने चाकू उघडणं मान्य करत नाहीत. हमीच्या अटी वाचून घ्या. पातं, वॉशर, स्क्रू सगळं घरी ठेवायचं. उरलेल्या मुठीवर पिव्हटचं, म्हणजे पातं ज्याभोवती फिरतं त्या खिळीचं भोक, वॉशर टेकतो ती गोल जागा, कुलपाचं टोक जिथे पात्याला भिडतं तो पृष्ठभाग आणि बंद पातं धरून ठेवणारी बारीक गोळी, या चारही जागा चिकटपट्टीने किंवा रबरी बुचाने झाकायला हव्यात. कुलपाच्या टोकाची मापं शतांश मिलिमीटरमध्ये जुळवलेली असतात. तिथे झोत बसला तर पातं डुगडुगू शकतं किंवा कुलूप अडकू शकतं. टायटॅनियम पोलादाला चिकटायची खोड असलेला धातू आहे, म्हणून तर सेबेन्झाच्या ‘३१’ या आवृत्तीत त्या जागी सिरॅमिकची गोळी बसवली आहे आणि काही उत्पादक पोलादी तुकडा जोडतात.

तिसरी गोष्ट भोसरी-साताऱ्याच्या माणसाला चटकन पटेल. पातळ पत्र्याला एकाच बाजूने ब्लास्ट केलं की तो वाकतो, कारण मार खाल्लेली बाजू पसरायला बघते. कारखान्यात झोताची ताकद मोजायला अशी वाकणारी पट्टीच वापरतात, तिला आल्मेन पट्टी म्हणतात. मुठीची जाडी पुरेशी असते, तिला काही होत नाही. पण कुलपाची पट्टी जिथे वाकावी म्हणून मुद्दाम पातळ कोरलेली असते, तिथे जोरदार झोत धरून ठेवला तर तिचा ताण बदलू शकतो. दाब कमी ठेवायला सांगा, ३ बारच्या आसपास पुरे, आणि हात सतत फिरता.

आणि कुणी कोरड्या नदीच्या वाळूने उघड्यावर ब्लास्टिंग करून देतो म्हणाला तर तिथून परत फिरा. वाळूतल्या सिलिकाची धूळ फुप्फुसांत जाऊन सिलिकोसिस होतो, तो बरा होत नाही. ब्रिटनने कास्टिंग साफ करायला वाळू वापरण्यावर सत्तरहून जास्त वर्षांपूर्वीच बंदी घातली ती याच कारणाने. मुठीसाठी कुणाच्या श्वासाशी खेळ नको.

प्रश्न : निळ्या, जांभळ्या मुठी दिसतात, त्यांना रंग लावतात का? ब्लास्टिंगवर तो टिकतो का? (वाचक, नागपूर)

उत्तर : त्यात रंगद्रव्य अजिबात नसतं. टायटॅनियम द्रावणात बुडवून वीज सोडली की त्यावर ऑक्साइडचा पारदर्शक थर वाढतो. थराच्या वरून आणि खालून परतलेला उजेड एकमेकांत मिसळून रंग दिसतो. थराची जाडी व्होल्टेज ठरवतं: साधारण ३० व्होल्टला निळा, ६० च्या आसपास पिवळसर सोनेरी, हिरव्यासाठी शंभरीजवळ जावं लागतं. पॉलिश केलेल्या धातूवर हे रंग झळकतात, ब्लास्ट केलेल्यावर तेच रंग मंद आणि गंभीर येतात. मला स्वतःला मंदच आवडतात. टिकण्याचं म्हणाल तर थर नॅनोमीटरमध्ये मोजावा इतका पातळ असतो. खळग्यांतला रंग राहतो, कडांवरचा आधी जातो. बोट लागलं की निळा रंग मातकट दिसतो, तो गेलेला नसतो. धुतला की परत येतो.

प्रश्न : मग पातंही ब्लास्ट केलेलं घ्यावं का? (वाचक, मालवण)

उत्तर : मालवणला तर मुळीच नको. टायटॅनियमच्या खळग्यांत खारं पाणी साचलं तरी काही बिघडत नाही. पोलादाच्या खळग्यांत साचलं की तिथून गंज सुरू होतो, ‘स्टेनलेस’ असलं तरी. समुद्राकाठी पातं सॅटिन, म्हणजे बारीक समांतर रेषांचं, किंवा स्टोनवॉश केलेलं घ्या; स्टोनवॉश म्हणजे काय ते शेवटच्या प्रश्नात येतंच.

प्रश्न : आमच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत टायटॅनियम असतं म्हणतात. चाकूतलं ते हेच का? (वाचक, रत्नागिरी)

उत्तर : मूलद्रव्य हेच. त्या वाळूतले काळे जड कण इल्मेनाइटचे, म्हणजे लोह आणि टायटॅनियमच्या ऑक्साइडचे. पण जगात निघणाऱ्या या खनिजातला ९० टक्क्यांहून जास्त भाग पांढऱ्या रंगद्रव्यासाठी जातो, भिंतीच्या रंगात, कागदात, प्लास्टिकमध्ये. धातू काढणं महाग पडतं: आधी क्लोरीनने टायटॅनियमचं टेट्राक्लोराइड करायचं, मग मॅग्नेशियमने त्यातलं टायटॅनियम मोकळं करायचं. विल्हेल्म क्रोल यांची ही रीत १९४० च्या दशकापासून चालत आली आहे. त्यातून सच्छिद्र स्पंज मिळतो, तो वितळवून धातू. केरळात चवरा इथे असा स्पंज तयार करणारा कारखाना आहे.

प्रश्न : मला एकच चाकू घ्यायचा आहे, रोज खिशात ठेवायला. बारीक काचेचं ब्लास्ट, खरखरीत ब्लास्ट की स्टोनवॉश? (वाचक, पुणे)

उत्तर : चिंचवडच्या वाचकांना कबूल केलेलं उत्तर इथेच देतो.

स्टोनवॉश म्हणजे सिरॅमिकच्या खड्यांसोबत मूठ पिंपात घुसळणं. त्याने पृष्ठभागावर आधीच हजारो आडवेतिडवे बारीक चरे पडतात, त्यामुळे तुमच्या किल्लीचा नवा चरा त्या गर्दीत दिसत नाही. ओहायोतले रिक हिंडरर यांच्या एक्सएम-१८ या चाकूची स्टोनवॉश मूठ या बाबतीत नावाजलेली आहे. हिंडरर अग्निशमन दलात काम केलेले गृहस्थ, त्यांचा चाकू कामाच्या हातासाठी आखलेला आहे आणि फिनिशही तसंच आहे. ज्याला चरा दिसला की चैन पडत नाही त्याने स्टोनवॉश घ्यावा, विचार करू नये.

खरखरीत ब्लास्ट पकडीला सर्वांत चांगलं. तेलकट, ओल्या हातात किंवा हातमोज्यात चाकू घसरत नाही. पण क्लिप लावून खिशात ठेवायचा तर तो दर वेळी खिशाची किनार घासतो. क्लिपच्या खाली येणारी मुठीची जागा बोटाने चाचपून पाहा. विचारी उत्पादक तेवढी पट्टी गुळगुळीत ठेवतात. ठेवली नसेल तर वर्षभरात पँटचा खिसा विरतो. कॅम्पिंग, नाव, बागकाम अशा कामांना हा चाकू बरा, ऑफिसच्या पँटला नाही.

बारीक काचेचं ब्लास्ट दिसायला या तिघांत सर्वांत देखणं आणि हाताला सर्वांत प्रसन्न. सुरुवातीचे काही महिने तेच सर्वांत जास्त रेघा दाखवतं, पुढे सर्वांत छान मुरतंही तेच. रोज वापरणार असाल आणि त्या महिन्यांची तयारी असेल तर माझा कौल यालाच. बारीक काचेच्या ब्लास्टवर वरून हलकं टम्बलिंग, म्हणजे पिंपातलं घुसळणं, केलेलं मिळालं तर दुधात साखर. उंच कडा आधीच बसलेल्या असतात, पहिल्या रेघेचा धक्का वाचतो आणि मऊपणा तसाच राहतो.

घ्यायच्या आधी शक्य असेल तर चाकू हातात घ्या, फोटोवर विसंबू नका. स्टुडिओतल्या सारख्या उजेडात तिन्ही फिनिश जवळजवळ एकच दिसतात. ऑनलाइनच मागवायचा असेल तर विक्रेत्याला नेमकं विचारा: काचेचे मणी की ॲल्युमिनियम ऑक्साइड, कितव्या नंबरचे, आणि वर टम्बलिंग आहे का. ज्याला या तिन्हींची उत्तरं देता येतात त्याच्याकडूनच घ्या.